गळ्यातली शिटी

शिटी वाजली तेव्हा मी बसले होते. उठता येत नव्हतं. बसून राहताही येत नव्हतं.

काजूच्या झाडांमधून बॅटरीचा उजेड आला आणि माझ्यावर थांबला. आधी चेहऱ्यावर नाही, खाली. मग चेहऱ्यावर. मी झगा ओढून घेतला. कुणीतरी हसलं.

"ऊठ गो. कोणाचें चेडूं तूं?"

आवाज भाटकाराचा होता. ज्याच्या खोलीत आम्ही भाड्याने राहत होतो तो जमीनमालक. आमच्या प्रभागाचा पंचही तोच. त्याला मी कोणाची मुलगी हे माहीत होतं. आईबरोबर मी कितीदा त्याच्या ओसरीखाली उभी राहिले होते. तरी त्याने विचारलं, आणि मला बाबांचं नाव सांगावं लागलं.

"चंदगडचो रंगारी? बरें. डबो उखल आनी चल मुखार."

मी डबा उचलला. मला अजून धुवायचं होतं. डब्यात पाणी होतं. ते मी सांगितलं. पंचायतीचा शिपाई गुणो म्हणाला, "पंचायतींत धू."

गस्तीत चौघे होते. भाटकार, गुणो, आमच्या शाळेच्या बाई आणि राणबा. बाई मला मराठी शिकवायच्या. पंचायतीने शाळेला सांगून प्रत्येक गस्तीत एक शिक्षक घेतला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वर काजूच्या बोंडांकडे पाहत राहिल्या. काजूला तेव्हा बोंडं नव्हती.

राणबा आमच्याच ओळीतल्या शेवटच्या खोलीत राहायचा. गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. बेळगावकडचा. आमच्या घरी जेवलेला. शिटी त्याने वाजवली होती. त्याने ती घाईघाईने गळ्यातून काढली आणि माझ्या गळ्यात घातली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, ती मला दिसली.

मग आम्ही बाजारातून निघालो. मी पुढे, हातात डबा. खाणीचे ट्रक उभे होते. पोदेर सायकलवरून पाव घेऊन चालला होता. त्याने सायकल बाजूला घेतली, मला लागू नये म्हणून नव्हे, पावाच्या टोपलीला लागू नये म्हणून. दुधाच्या रांगेत माझ्या वर्गातली दोन मुलं होती. एकाने नाक धरलं. दुसऱ्याने मोठ्याने माझं नाव घेतलं. वर्गात त्याने ते कधी घेतलं नव्हतं. वर्गात मी नुसती घांटी होते. घाटावरून आलेल्यांना आमच्या गावात तेच नाव होतं. माझा जन्म गोव्यातला असला तरी.

गावाचं नाव लिहीत नाही. डिचोली तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. म्हणायला गाव, पण बाजार होता, बँक होती, थेटर होतं. गोवा घटक राज्य झालं, पुढे पंचायतींच्या हाती जास्त अधिकार आले, आणि गावाला आपण शहर आहोत असं वाटू लागलं. शहराला नियम लागतात. गावाने नियम केले. ग्रामसभेत ते भोंग्यावरून वाचून दाखवले गेले. आम्ही सभेला नव्हतो. आमच्या ओळीतल्या मोठ्या माणसांची नावं मतदार यादीत होती ती घाटावर. पण भोंगा सगळ्यांना ऐकू येतो.

स्वच्छतेच्या नियमाला दोन कलमं होती. उघड्यावर बसेल त्याला पकडून पंचायतीत आणायचं, हे पहिलं. खोल्या भाड्याने देतो त्याने भाडेकरूंसाठी संडास बांधायचा, हे दुसरं. आई भाकऱ्या थापत होती. दुसरं कलम ऐकून तिचा हात थांबला. "ऐकलास?" ती शेजारच्या पारूमावशीला म्हणाली. "संडास बांधून देणार हाईत."

भाटकाराने संडास बांधला. खोल्यांच्या मागे, दोन दारांचा, निळ्या पत्र्याचा. पंचायतीची माणसं येऊन बघून गेली. ती गेल्यावर दारांना कुलपं लागली.

आई किल्ली मागायला गेली. मी बरोबर होते. भाटकारीण ओसरीवर नारळ किसत होती. तिने मान वर केली नाही.

"टांकी भरतली. तुमी इतलीं जाणां. उपसपाक कोण येतलो?" टाकी भरली तर उपसायला कोण येणार, म्हणून कुलूप.

"बायकांपुरती तरी उघडा, बाय. पुरुष कुठंबी जातील."

"आदीं खंय वचतालीं? थंयच वचात."

आधी जात होता तिथेच जा. तिथेच गेलो. तिथे गस्त होती.

तर असा तो नियम होता. दुसरं कलम पत्र्याच्या दारापाशी संपलं. पहिलं रोज पहाटे निघायचं.

पहिल्या कलमाला दंड नव्हता. दंड ठेवला असता तर कुणी भरला असता, कुणी बुडवला असता, आणि विषय तिथे मिटला असता. गावाने वेगळी रीत काढली होती. पकडलेल्याचा डबा पंचायतीच्या गेटाला तारेने टांगायचा. आणि शिटी त्याच्या गळ्यात घालायची. दुसऱ्या दिवशी त्याने गस्तीबरोबर यायचं आणि दुसऱ्याला पकडून द्यायचं. दुसरा सापडला की शिटी त्याच्या गळ्यात. सापडला नाही, तर त्याने पुन्हा यायचं. शाळा असो, काम असो, ताप असो. शिटी घरात काढून ठेवायची नाही. गुणो येऊन बघून जायचा.

ही युक्ती कुणाची, मला कधी कळलं नाही. ग्रामसभेत टाळ्या वाजल्या होत्या, त्या आम्ही ऐकल्या.

गेटाला डब्यांची रांग होती. तेलाचे, वनस्पती तुपाचे, दूध पावडरचे. मोरीत हात धुवायला मला मोजकं पाणी दिलं. बाकीचं धुण्यासाठी आडोसा नव्हता. मी तशीच राहिले. गुणोने माझा डबा टांगायला घेतला आणि थांबला.

"भाटकार, हो रंग आमचोच मरे."

डबा डिस्टेंपरचा होता. कडेला गुलाबी ओघळ सुकलेले. तोच गुलाबी रंग पंचायतीच्या भिंतीवर होता. ती भिंत बाबांनी रंगवली होती. काम संपल्यावर रिकामा डबा त्यांनी ठेकेदाराला विचारून घरी आणला होता. डबे सगळेच रंगारी आणतात. पण आता तो पंचायतीचा डबा झाला, आणि आम्ही तो चोरला.

बाबांना कामावरून बोलावून आणलं. हातांना चुना तसाच. त्यांनी आधी माझ्या गळ्यातली शिटी पाहिली, मग गेटावरचा डबा. कुणी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "चुकलं मालक. पोर हाय."

"पंचायतीचो डबो चोरून तातूंत गांवची घाण," भाटकार म्हणाला. तो हसत होता. राग त्याच्या आवाजात कधीच नसायचा. "तुजें चेडूं. तूंच शिकय ताका."

बाबांना कळलं नाही, किंवा कळलं आणि ते उभे राहिले. गुणोने हाताने खूण करून दाखवलं, काय करायचं ते.

बाबांनी मला मारलं. एकदा. चुन्याची बोटं गालावर उमटली. त्याआधी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. भाटकार म्हणाला, "पळय, गालूय रंगयलो." गाल पण रंगवला. लोक हसले. पंचायतीच्या पायरीवर बाई उभ्या होत्या. शाळेची वेळ झाली म्हणून त्या निघाल्या. मला म्हणाल्या, "आज नाही आलीस तरी चालेल."

संध्याकाळी ओळीतल्या बायका आमच्या दारात बसल्या. माझी आई, पारूमावशी आणि आणखी काही जणी. बोलणं शिटीचं होतं.

"पोरीच्या गळ्यात न्हाई ऱ्हायला पायजे ती," पारूमावशी म्हणाली. "बाप्यांनी मिरवावी हवी तर."

"आता कोण जाईल सापडायला?" दुसरीने विचारलं.

तेव्हा मला कळलं की लोक मुद्दाम सापडत होते. कुणाच्या गळ्यात फार दिवस शिटी राहिली, घरात आजारपण आलं, काम सुटायची वेळ आली, की ओळीतलं कुणीतरी पहाटे जाऊन गस्तीच्या वाटेवर बसायचं. शिटी आपल्याकडे घ्यायला. बायका हे भांडी वाटून घ्यावीत तसं बोलत होत्या. गावाला वाटत होतं आपण माणसं पकडतो. पकडलेली माणसं आम्हीच पुरवत होतो. मग मी राणबाच्या खोलीकडे पाहिलं. त्याचं दार बंद होतं. त्याच्यासाठी कुणी बसायला गेलं नव्हतं. तो एकटा होता.

आईने माझा झगा धुवून दोरीवर टाकला होता. तो वाळला का, हे ती पुन्हा पुन्हा बघत होती.

पहाटे गुणोने दारावर काठी आपटली. मी गेले. तेच तिघे आणि मी. वाटेत भाटकार बाईंना सांगत होता, तालुक्यात आपल्या पंचायतीचं नाव झालंय, दुसऱ्या पंचायती आपली रीत विचारायला येतात. बाई हो हो म्हणत होत्या. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. कुत्र्याला घेऊन निघावं तसे ते मला घेऊन निघाले होते.

पारूमावशी वाटेवरच बसली होती. आडोशाला नाही. उघड्यावर, बॅटरीचा उजेड पहिल्यांदा पडेल अशा जागी. लुगडं गुडघ्यांपर्यंत नीट ओढून. समोर डबा. ती खरं तर काहीच करत नव्हती. नुसती बसली होती. तिने उजेडाकडे पाहिलं आणि माझ्याकडे मान हलवली.

"वाजय गो," भाटकार म्हणाला.

मी शिटी तोंडाशी नेली. पत्र्याची चव लागली. आधी ती राणबाच्या तोंडात होती, त्याच्या आधी आणखी कुणाच्या. पारूमावशी पन्नाशीची होती. माझ्या आईची बाळंतपणं तिने केली होती. मला पहिल्यांदा आंघोळ तिने घातली होती.

"वाजव की, पोरी," ती हळू म्हणाली. "मी त्येच्यासाठीच बसलोय."

मी शिटी खाली केली.

"वाजय म्हण्टां न्हय?"

"नाही वाजवणार."

बाई पुढे आल्या. वर्गात वापरायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "अगं, नियम आहे तो. एकदा वाजव, म्हणजे तुझं संपलं."

"संडासाचं कुलूप काढा," मी म्हणाले. "मग वाजवते."

हे मी ठरवून म्हणाले नाही. तोंडातून आलं. पण आलं तेव्हा मला ते स्पष्ट ऐकू आलं, भोंग्यावरून यावं तसं. गुणोने भाटकाराकडे पाहिलं. पारूमावशीने कपाळावर हात मारला.

भाटकार हसला नाही. तो माझ्याजवळ आला. शिटीची दोरी माझ्या मानेवरून ओढून काढली. मान सोलली. मग त्याने शिटी झग्याच्या टोकाला पुसली, माझ्याच, आणि स्वतः वाजवली. एकदा. मोठ्याने.

त्या क्षणी मला जे कळलं ते पुढे कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. शिटी त्याला वाजवता येत होती. कायम येत होती. त्याला आमची गरज आवाजासाठी नव्हती. ती आमच्या तोंडात हवी होती, म्हणून आमच्या गळ्यात होती.

पारूमावशीला त्याने तरीही बाजारातून चालवलं. शिटी तिच्या गळ्यात घातली. माझ्या नाही म्हणण्याने तिचं काहीच वाचलं नाही. परत आल्यावर ती मला म्हणाली, "माझं बसणं फुकट घालवलंस. ती गेली असती तुझ्या गळ्यातनं, आणि तुमी ऱ्हायला असतासा."

तिला आधीच माहीत होतं. त्याच दुपारी भाटकाराने खोली रिकामी करायला सांगितलं. कारण दिलं ते चोरीचं. पंचायतीच्या डब्याचं. सामान बाहेर काढताना ओळीतलं कुणी मदतीला आलं नाही. राणबा तेवढा आला. त्याने ट्रंक उचलून रस्त्यापर्यंत आणली आणि परत गेला.

बाबांनी आम्हाला आमोण्याला नेलं. नदीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या मांगरात, शेतातल्या खोपटात, आम्ही राहिलो, गवताच्या भाऱ्यांशेजारी. माझी शाळा त्या वर्षी सुटली. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत नाव घातलं. बाबांनी त्यावर एकदाच विचारलं, "एक शिटी मारली असतीस तर काय मेली असतीस?" त्यांनी ते रागाने विचारलं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आम्ही गेल्यावर त्या ओळीत शिटी फिरतच राहिली.

मी शिकले आणि एका मराठी दैनिकात लागले. पहिल्याच बातमीत मी 'निर्लज्ज' असा शब्द लिहिला होता. उपसंपादकाने तो खोडला. "कोणी, कुठे, काय केलं एवढं लिही. निर्लज्ज आहे का ते वाचक बघेल." मला ते पटलं. मी हे सगळं त्याच पद्धतीने लिहिते आहे.

पेडणे आणि डिचोलीतल्या पंचायती, पालिका माझ्याकडे होत्या. वर्षानुवर्षं मी ठराव ऐकले. ठराव सगळे चांगले असतात. वाईट ठराव मी एकही ऐकला नाही. म्हणून मी ठराव लिहिणं कमी केलं आणि अंमलबजावणी पहिल्यांदा कोणाच्या दारात गेली ते विचारू लागले. किनाऱ्यावरच्या एका गावात वाळूवर काही उभारायचं नाही असा नियम झाला. मासळी सुकवायचे बांबूचे मांडव लगेच मोडले. हॉटेलाच्या भिंतीला नोटीस गेली. भिंत अजून आहे. हे मी लिहिलं, छापून आलं, कुणी नाकारलं नाही. कुणी काही केलंही नाही.

मग माझ्या लहानपणीच्या त्या गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. ग्रामसभेत सत्कार होता. मला बातमीसाठी पाठवलं. भाटकार आता सरपंच होता. केस पांढरे, आवाज तसाच, राग नसलेला. त्याने मला ओळखलं नाही. पत्रकारांसाठी पुढे वेगळ्या खुर्च्या होत्या, शीतपेय होतं. सभा सुरू व्हायच्या आधी मी खोल्यांच्या मागे जाऊन आले होते. ओळ तीच. माणसं नवी, काही बेळगावची, काही त्याहून लांबची. निळा पत्रा गंजला होता. दारांना कुलपं होती. एका बाईने मला सांगितलं, आत सोडणं भरलीत, नारळाच्या वाळक्या साली.

सत्कार झाल्यावर प्रश्न विचारा म्हणाले. मी उठले.

"खोल्यांमागच्या संडासांना कुलूप का आहे?"

सरपंचाने मान कलती करून मला नीट पाहिलं. तरी ओळख पटली नसावी.

"बाय, तुमी पत्रकार. तुमी बरयात. हांगा उलोवपाचो हक्क गांवच्या मतदारांक." मी लिहावं, इथे बोलायचा हक्क मतदारांना.

सभागृहात टाळ्या वाजल्या. खिडकीबाहेर खोल्यांमधली माणसं उभी होती. तीही मतदार नव्हती. टाळ्या का वाजल्या ते त्यांना कळलं नाही.

चहाच्या वेळी एक म्हातारी बाई जवळ आली. माझ्या शाळेच्या बाई. त्यांनी ओळखलं होतं. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "मी तरी काय करणार होते गं? ड्युटी होती."

मी त्यांचा हात बाजूला केला. "तुम्ही त्या दिवशी शाळेत गेलात," मी म्हणाले. "मला आडोसा द्यायला पाच मिनिटं थांबला असतात तरी चाललं असतं." मला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

बातमी दुसऱ्या दिवशी आली. बक्षीस, मान्यवर, फोटो. कुलपाचं वाक्य जागेअभावी गेलं. कुणावर मी आरोप करत नाही. जागा खरंच कमी होती. कुणासाठी कमी पडते ते मी वर लिहिलं आहे.

पण सरपंच म्हणाला ते खरं होतं. मी लिहू शकत होते, बोलू शकत नव्हते. तेव्हा मी ते बदललं. त्या गावात, त्याच प्रभागात, एका विधवेच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली. तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमी खंयचीं?" मी म्हटलं, इथलीच. राहू लागले. मतदार यादीत नाव घातलं. हरकत आली, घाटावरची म्हणून. सुनावणीला जन्माचा दाखला ठेवला, गोव्याचा. नाव राहिलं.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. मी ठराव दिला आहे. स्वच्छतेच्या नियमाचं दुसरं कलम आधी लागू करावं आणि सुरुवात सरपंचाच्या मालमत्तेपासून करावी. मत देणारा माझ्याशिवाय कुणी नसेल हे मला माहीत आहे. ठराव पडेल. पुढच्या सभेला मी तोच देईन. खोल्यांमधल्या ज्या ज्या माणसाला इथं राहून नाव घालण्याचा हक्क आहे त्याचा अर्ज मी भरून देते आहे, आणि हरकत आली की बरोबर जाते आहे. घरमालकिणीला आतापासूनच निरोप येऊ लागलेत, भाडेकरू काढ म्हणून. तिने काढलं तर याच प्रभागात दुसरी खोली बघेन. तीही गेली तर तिसरी. आमच्या घराला एका दुपारी बाहेर काढता आलं, कारण आमचं नाव इथे कुठेच नव्हतं. आता आहे. मला गावाबाहेर घालवायचं तर त्यांना उघड सभेत तसा ठराव आणावा लागेल, आणि त्याच्या विरोधात पहिली मी बोलेन.